खालचा मजला

परवा एका तालुक्याच्या गावी जाणं झालं. काम तासाभरात उरकलं आणि परतीच्या एसटीला अजून दोन तास होते. मग जुन्या सवयीनं रिक्षावाल्याला विचारलं, 'नगर वाचनालय कुठंय हो?' तो म्हणाला, 'अभ्यासिका का? हे काय, पुढच्या चौकात.'

अभ्यासिकाच म्हणाला तो, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. दुमजली इमारत. वरच्या मजल्याच्या दारात चपला-बुटांचा ढीग. आत चाळीसेक टेबलं, एकही रिकामं नाही. प्रत्येक टेबलावर पाण्याची बाटली, चार्जर, हायलायटर. शांतता अशी की पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू यावी. कुणी राज्यसेवेची तयारी करतंय, कुणी तलाठ्याची, कुणी पोलिस भरतीची, कुणी नीटची. मान वर करून बघायला कुणाला फुरसत नाही.

खालच्या मजल्यावर वाचनालय. दोन आजोबा एकाच पेपरची पानं वाटून घेऊन वाचत बसलेले. मागे कपाटांच्या रांगा. काचेवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ. टेबलामागे ग्रंथपाल बाई दाखल रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होत्या. त्यांना विचारलं, 'वरची मुलं खाली येतात का?'

'येतात ना,' त्या म्हणाल्या. 'पाणी भरायला. कूलर खाली आहे.'

आता इथून पुढे 'हल्लीची पिढी वाचत नाही' हे रडगाणं सुरू होणार अशी शंका तुम्हाला आली असेल, तर ती रास्त आहे. अशा लेखांत नेहमी तेच असतं. पण मला ते पटत नाही. ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर जाऊन बघा, नाहीतर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला दीक्षाभूमीवर. पुस्तकांच्या स्टॉलपुढे पाय ठेवायला जागा नसते. रात्रभर प्रवास करून आलेली विशी-बाविशीतली पोरंपोरी खिशातल्या मोजक्या पैशांतून पुस्तकं विकत घेत असतात. आणि वरच्या मजल्यावरची ती चाळीस जणंही दिवसाला आठ-दहा तास वाचतातच की! तेव्हा वाचनाचा प्रश्न नाहीच. वीस पायऱ्या उतरल्या की हजारो पुस्तकं आहेत. ती आपल्यासाठी आहेत असं त्यांना का वाटत नाही, हा खरा प्रश्न आहे.

मला ती माझी वाटायची. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, दुसरं काही नव्हतंच गावात. आमच्या वाचनालयाच्या दारावर पाटी होती, 'शासनमान्य ब वर्ग'. शाळेत तुकड्या असतात तसंच काहीतरी, आपलं वाचनालय कुठल्या तरी परीक्षेत दुसरं आलंय, अशी माझी समजूत. ती अगदीच चुकीची नव्हती, हे पुढे कळलं. त्याबद्दल नंतर सांगते.

आत शिरल्यावर आधी वर्तमानपत्रांचा मोठा उतरता लाकडी स्टँड. तिथे बसायला वर्गणी लागायची नाही, कुणीही यावं. सकाळी आठला पेपर यायचे आणि साडेसातपासून माणसं पायरीवर हजर. एकाला अग्रलेख हवा, एकाला शब्दकोडं, एकाला छोट्या जाहिराती. कोडं पेननं सोडवून ठेवणाऱ्याचा शोध वर्षानुवर्षं सुरू होता, तो शेवटपर्यंत सापडला नाही. पलीकडे देवघेवीची खिडकी. पुस्तकं सगळी पुठ्ठा बाइंडिंगची, कण्याला कापडी पट्टी, त्यावर पांढऱ्या शाईनं दाखल क्रमांक. मूळ मुखपृष्ठ बाइंडरनं कापून टाकलेलं, त्यामुळे बाहेरून सगळी पुस्तकं सारखी. राजकारण, पाककृती आणि भुताच्या कथा एकाच गणवेशात. शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली. ती मी आधी बघायची. एखाद्या पुस्तकावर तारखांचे शिक्के दाटीवाटीनं पडलेले असले की ते भारी असणार. आणि एखादं १९८१ नंतर कुणी नेलंच नसेल, तर त्याची दया येऊन ते घरी न्यायचं. दयेपोटी नेलेली काही पुस्तकं निव्वळ रटाळ निघाली. पण दोन-तीन अशी निघाली की आजही माझ्याकडे त्यांची स्वतःची प्रत आहे.

वाचकांचे शेरे हा तर वेगळाच साहित्यप्रकार. बाबूराव अर्नाळकरांच्या नाहीतर सुहास शिरवळकरांच्या कादंबरीच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलेलं असायचं, 'खून डॉक्टरनं केला आहे.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'खोटं सांगू नका. कंपाउंडर.' आपण धडधडत्या छातीनं शेवटपर्यंत जायचं तर खुनी तिसराच. आता कळतं, ते दोघेही आपल्याला खेळवत होते. नारायण धारपांच्या पुस्तकात एका पानावर 'रात्री वाचू नये' असा सल्ला होता आणि खाली कुणीतरी तारीख-वेळ टाकून 'वाचले' अशी पोच दिली होती. रात्री पावणेदोन.

दिवाळीनंतर तर नुसती धमाल. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून सुरू झालेला हा आपला खास मराठी उद्योग गावोगावी पोचवला तो वाचनालयांनी. दिवाळी अंकांची वर्गणी वेगळी. अंक दोन-तीन दिवसांत परत करायचा, की दुसरा. आमच्या वाड्यातली चार घरं वेगवेगळे अंक आणायची आणि परत करायच्या आत आपसांत फिरवायची. म्हणजे एका वर्गणीत चौपट वाचन. ग्रंथपाल काकांना हे माहीत होतं. त्यांनी कधी विचारलं नाही.

काकांनी कधीच काही विचारलं नाही, आणि माझ्या लेखी वाचनालयाची सगळ्यात मोठी गोष्ट हीच. मुलगी असाल तर मी काय म्हणतेय ते पटकन कळेल. लहान गावात संध्याकाळी घराबाहेर पडायचं तर कारण लागतं. देवळात जाते, मैत्रिणीकडे वही आणायला जाते, दळण टाकायला जाते. नुसतं 'बाहेर जाते' चालत नाही. 'वाचनालयात जाऊन येते' हे एकच कारण असं होतं की त्यावर घरातून उलटतपासणी होत नसे, आणि तिथे पोचल्यावरही 'काय काम आहे?' असं कुणी म्हणत नसे. हॉटेलात बसलं तर चहा घ्यावा लागतो. दुकानात उभं राहिलं तर काहीतरी विकत घ्यावं लागतं. बागेत एकटी मुलगी बसली तर चार जण वळून बघतात. वाचनालयात मी दोन-दोन तास कपाटांसमोर नुसती उभी राहायची, आणि कुणालाही माझ्याकडून काही नको होतं. (एका पुस्तकात घालून दिलेल्या चिठ्ठ्यांवरून आमच्या गावात निदान एक लग्न जमलं, हेही नोंदवून ठेवते. पुस्तक गणिताचं होतं, कारण ते दुसरं कुणी नेणार नाही याची खात्री होती.)

बसायला जागा, ही गोष्ट वाटते तेवढी क्षुल्लक नाही. मुंबईत वरळीला एक 'अभ्यास गल्ली' आहे. आसपासच्या चाळींतल्या, झोपड्यांमधल्या मुलांच्या घरात टेबल मांडायला जागा नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ती मुलं या गल्लीत रस्त्याच्या दिव्याखाली बसून अभ्यास करत आली. महाराष्ट्रात गावोगावी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाच्या अभ्यासिका दिसतात, त्याही उगाच नाहीत. १९२४ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या बरोबरीनं वाचनालयं काढणं हेही होतं. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून लांब ठेवलं, त्याला भाकरीइतकीच पुस्तकाची आणि ते वाचायला चार हात जागेची गरज आहे, हे त्यांना कळत होतं. पुढे स्वतःसाठी 'राजगृह' बांधलं तेही मुख्यतः पुस्तकांसाठी.

त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेला नाक मुरडण्यात मला काडीचा रस नाही. शहरातल्या खासगी अभ्यासिका महिन्याला किती पैसे घेतात हे पुण्यात पेठांमध्ये राहून तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा. त्या मानानं वाचनालयाची अभ्यासिका म्हणजे आधार आहे. जागा हजार, अर्ज लाखांत, घरून महिन्याचे पैसे मोजून येतात, वय वाढतंय. अशा मुलाला 'जरा कादंबरी वाच' म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचा इतिहास सांगण्यासारखं आहे, हे कळतं मला.

पण मग तोच मुलगा मुलाखतीच्या तयारीला लागतो तेव्हा क्लासवाले त्याला 'वाचनाचा छंद' कसा सांगायचा ते शिकवतात, तेव्हा मात्र हसावं की रडावं कळत नाही. छंद खाली कपाटात धूळ खात पडलेला असतो!

आणि दुसरं. परीक्षेचं पुस्तक तुम्ही कुणाच्या तरी सांगण्यावरून वाचता. यादी ठरलेली, पानं ठरलेली, टॉपरनं सांगितलेली. मोबाइलवर जे समोर येतं तेही तुम्ही काल काय बघितलं त्यावरून येतं. कपाटाला मात्र तुम्ही कोण हे माहीतच नसतं. आमच्याकडे आत्मचरित्रांचं एक कपाट होतं. शाळेत लक्ष्मीबाई टिळकांचा धडा होता म्हणून मी 'स्मृतिचित्रे' शोधत गेले. ते मिळालं, आणि त्याला टेकून दया पवारांचं 'बलुतं' उभं होतं. ते मला कुणी वाचायला सांगितलं नव्हतं, आणि आमच्या घरात कुणी सांगितलंही नसतं. दोन्ही घरी आणली. त्या आठवड्यानंतर गावाच्या वेशीपलीकडच्या वस्तीकडे मी पूर्वीसारखं बघू शकले नाही. शेजारी ठेवणाऱ्यानं ती पुस्तकं मुद्दाम ठेवली नव्हती, आत्मचरित्रं म्हणून ठेवली होती. पण असं चुकून भेटणं हेच मी वाचनालयातून घेतलं. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, एवढं सांगून ते थांबले नाहीत. पुस्तकालाही त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हेही त्यांनी नियम म्हणूनच लिहिलं. वाचकाचा वेळ वाचवा, असाही त्यांचा एक नियम आहे. त्यांची क्षमा मागून सांगते, आमच्या वाचनालयानं माझा भरपूर वेळ वाया घालवला आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

'पण आता सगळं फोनवर मिळतं की!' मिळतं. टेलिग्रामवर चोरलेल्या पीडीएफही मिळतात, आणि त्या फिरवणाऱ्यांना मराठी लेखकाच्या पोटावर आपण पाय देतोय हे माहीत नसतं किंवा माहीत असून चालतं. फुकट वाचायचा कायदेशीर, सभ्य रस्ता गावात उभा असताना चोरवाटेनं कशाला जायचं? शिवाय मराठीतली कितीतरी पुस्तकं कधी पीडीएफ झालीच नाहीत, छापायचीही थांबली. ती कुठे असतील तर अशाच एखाद्या कपाटात, वाळवीची वाट बघत.

ही वाचनालयं काढली कुणी, हे एकदा बघण्यासारखं आहे. रत्नागिरीचं १८२८ मधलं, अहमदनगरचं १८३८ मधलं, नाशिकचं १८४० मधलं, कोल्हापूरचं १८५० मधलं. म्हणजे रेल्वे यायच्या आधीची. पुण्यात १८४८ मध्ये ग्रंथालय उभं राहिलं, त्यात पुढाकार होता लोकहितवादींचा. ते तेव्हा पंचविशीत होते आणि त्याच वर्षी त्यांची शतपत्रं सुरू झाली. या सुरुवातीच्या वाचनालयांत इंग्रजी पुस्तकांचा आणि इंग्रजी शिकलेल्यांचा वरचष्मा होता. नावानं सार्वजनिक असली तरी त्यांच्या पायऱ्या सगळ्यांना चढता येत नव्हत्या, हेही सांगितलं पाहिजे. मग खास मराठी पुस्तकं जमवायची म्हणून १८९३ मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं. ते काढणाऱ्यांत विनायक लक्ष्मण भावे होते, पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे. तेव्हा त्यांनी विशी नुकतीच ओलांडली होती. म्हणजे आज ते वरच्या मजल्यावर बसले असते! पाठोपाठ १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आलं. आजोबांची जागा म्हणून आपण ज्याकडे बघतो, ते कधीकाळी पोरांनीच उभं केलेलं प्रकरण आहे.

बडोद्याला सयाजीराव महाराजांनी तर याच्या पुढची झेप घेतली. १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून त्यांनी संस्थानभर, थेट खेड्यांपर्यंत वाचनालयांचं जाळं विणलं. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. ही पेटीची कल्पना मराठी माणसाच्या डोक्यातून गेलेली नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना त्याच जातीची. वाचणाऱ्यांच्या एका गटाला पुस्तकांनी भरलेली पेटी द्यायची, त्यांनी आपसांत वाचायची, मग दुसऱ्या गटाशी बदलायची. या पेट्या नाशिकहून निघून पार दुबईतल्या मराठी घरांपर्यंत पोचल्या.

आता त्या पाटीकडे येते. 'ब वर्ग' म्हणजे काय?

आपल्याकडे १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आहे. त्याखाली गावोगावच्या संस्था वाचनालय चालवतात, शासन त्यांना मान्यता देतं आणि अ, ब, क, ड असे वर्ग पाडून त्याप्रमाणे वार्षिक अनुदान देतं. वर्ग कशावर ठरतो? पुस्तकं किती, नियतकालिकं किती आणि सभासद किती, अशा गोष्टींवर. म्हणजे खरोखरच ती एक परीक्षा आहे आणि त्यात तुमच्या नावालाही मार्क आहेत. वर अभ्यासिकेत बसणारा मुलगा खालच्या वाचनालयाचा सभासद नसेल, तर तो रोज त्या इमारतीत येऊनही हिशेबात येत नाही.

दक्षिणेत वेगळी तऱ्हा आहे. मद्रास प्रांतानं १९४८ मध्येच ग्रंथालय कायदा केला आणि मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर घ्यायची सोय ठेवली. कर्नाटक, केरळही त्याच वाटेनं गेले. घरपट्टी भरताना चार पैसे वाचनालयाला जातात, त्यामुळे पैशाचा एक हक्काचा झरा राहतो. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही. त्यामुळे आपली वाचनालयं दर वर्षी अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसतात. २०२२-२३ मध्ये शासनानं अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं, ते फार वर्षांनी झालं आणि चांगलं झालं. पण त्या वाढीनंतरचा आकडा ऐका. सगळ्यात खालच्या 'ड' वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ४८ हजार रुपये. यातला साधारण अर्धा भाग पगारासाठी. म्हणजे वर्षाला २४ हजार. महिन्याला दोन हजार रुपये. या पैशात जो माणूस रोज कुलूप उघडतो, झाडू मारतो, पेपर लावतो, पुस्तकं देतो-घेतो आणि रजिस्टर लिहितो, त्याला आपण ग्रंथपाल म्हणतो. महिन्याचा मोबाइल रिचार्ज आणि दोन पिझ्झे यांत तुमचे किती जातात, ते मनातल्या मनात मोजा.

आमचे काका रात्री एका किराणा दुकानाचा हिशेब लिहायचे. हे मला ते गेल्यानंतर कळलं. त्यांच्या बोटांना कायम जांभळी शाई असायची, ती तारखेच्या शिक्क्याची असं मी समजत होते. काही शिक्क्याची असेलही.

अर्थात वाचनालयं चालवणाऱ्यांनाही दोन गोष्टी सुनवायला हव्यात. कागदावरच चालणारी वाचनालयं आपल्या राज्यात निघाली. २०१२ मध्ये सरकारनं सरसकट पडताळणी केली तेव्हा कुठे पुस्तकं नव्हती, कुठे सभासद नव्हते. त्यानंतर नव्या वाचनालयांना मान्यता देणंच थांबलं, आणि त्याचा फटका बसला तो खरोखर काही करू पाहणाऱ्या गावांना. ज्यांचं काम चोख आहे त्यांचंही दार दुपारी बारा ते चार बंद असतं, म्हणजे नेमकं कॉलेज सुटल्यावर. कार्यकारी मंडळात पंचवीस-तीस वर्षं तीच नावं. कपाटांना कुलूप, पुस्तकाला हात लावायचा नाही, नंबर सांगायचा. अहो, ज्याला काय वाचायचं हेच माहीत नाही त्यानं नंबर कुठला सांगावा? अशा ठिकाणी 'मुलं येत नाहीत हो' म्हणून उसासे टाकण्यात अर्थ नाही. कपाटं उघडी ठेवा. नवी आलेली पुस्तकं काचेत न ठेवता वर जाणाऱ्या जिन्यात मांडा, म्हणजे चढता-उतरता दिसतील. अभ्यासिकेच्या फीमध्येच वाचनालयाचं सभासदत्व देऊन टाका. आणि वरच्या मजल्यावरच्या दोघांना समितीच्या बैठकीला बोलवा. फक्त खुर्च्या लावायला नको, पुस्तकांची खरेदी ठरवायला बोलवा.

त्या तालुक्याच्या गावच्या बाईंना मी यातलं थोडंफार सांगून बघितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग ड्रॉवरमधून एक वही काढली. म्हणाल्या, 'मॅडम, गेल्या महिन्यात एक पोरगा बाटली भरता भरता त्या कपाटापाशी थांबला. कूलर हळू भरतो ना, दोन-तीन मिनिटं लागतात. मग दुसऱ्या दिवशीही थांबला. चौथ्या दिवशी विचारलं, हे किती दिवस ठेवता येतं?' त्यांनी वहीतलं नाव दाखवलं. भरतीची तयारी करणारा मुलगा. आधी बाबूराव बागूल, मग जयंत नारळीकर, मग परत बागूल. तीन आठवड्यांत तीन पुस्तकं.

'आता कूलर दुरुस्त करायचा ठराव आलाय समितीपुढे,' बाई म्हणाल्या. 'मी म्हटलं, राहू दे इतक्यात.'

तर तुमच्या गावातल्या, वॉर्डातल्या वाचनालयात एकदा जा. सभासद व्हायला सहसा एक फोटो, पत्त्याचा पुरावा, थोडी अनामत आणि वर्गणी लागते. वर्गणी किती म्हणून घाबरू नका, बहुतेक ठिकाणी ती एका वडापाव पार्टीपेक्षा कमी असते. अनामत परत मिळते, पावती जपून ठेवा. पहिल्या दिवशी काय न्यावं कळलं नाही तर शेवटच्या पानावरची तारखेची चिठ्ठी बघा आणि सगळ्यात जुना शिक्का असलेलं पुस्तक उचला. आणि हो, दुपारी जाणार असाल तर आधी फोन करून विचारा, उघडं असतं का ते.